आपली नाममुद्रा आपणच जपायची

(परंदवडी, ता. मावळ येथे परिसरातील कारागीर, बचत गटांच्या भगिनी, छायाचित्रकार, शेतकरी आणि तरुण उद्योजक यांच्यासमोर ‘बौद्धिक संपदा आणि आपण’ या विषयावर झालेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन.)



‘बौद्धिक संपदा’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्क किंवा जिनिव्हा येते. काळ्या कोटातील वकील, मोठमोठ्या औषध कंपन्या आणि कोट्यवधींचे दावे आठवतात. परंदवडीसारख्या गावात हा विषय कशाला, असे काहींना वाटले असेल. पण मराठी भाषेतील वाङ्मयचौर्याची सर्वांत गाजलेली कथा घडली ती इथून हाकेच्या अंतरावर, इंद्रायणीच्या काठी, श्रीक्षेत्र देहू येथे.

तुकोबाराय अभंग रचीत होते आणि त्याच काळात सालोमालो नावाचे कीर्तनकार तेच अभंग स्वतःच्या नावावर खपवीत होते, असे परंपरा सांगते. शेवटच्या चरणातील तुकोबांची नाममुद्रा काढायची आणि तेथे आपली बसवायची, एवढीच काय ती कारागिरी. गाथेत या सालोमालोंची दखल घेतलेली आहे. ज्या महापुरुषाने कर्जखते इंद्रायणीत बुडवून टाकली, ज्याला धनाचा लोभ शिवला नाही, त्यालाही आपली वाणी दुसऱ्याच्या नावाने, आणि तीही मोडतोड होऊन, लोकांपुढे जावी हे सहन झाले नाही. हे नीट लक्षात घ्या. तुकोबांना मानधन नको होते. शब्द ज्याचा आहे त्याच्या नावाने आणि त्याच रूपात पुढच्या पिढीकडे जावा, एवढीच अपेक्षा होती.

मग तो शब्द टिकवला कोणी? आपल्या मावळातील सुदुंबरे येथे ज्यांची समाधी आहे, त्या संत संताजी जगनाडे महाराजांनी. व्यवसायाने तेली, म्हणजे आजच्या भाषेत लघुउद्योजक. त्यांनी अभंग वहीत उतरवून ठेवले. तुकोबा वाणी आणि संताजी तेली. एक निर्माता, दुसरा नोंद ठेवणारा. बौद्धिक संपदेचे सारे शास्त्र या दोघांत आले. निर्मिती करा, तिच्यावर नाममुद्रा ठेवा आणि तिची नोंद जपा. आज मी जे सांगणार आहे, तो या तीन वाक्यांचा विस्तार आहे.

मळवलीचा छापखाना

दुसरे उदाहरणही मावळातीलच आहे. आपल्या आजी-आजोबांच्या देवघरात लक्ष्मीची आणि सरस्वतीची जी चित्रे होती, त्यांतील पुष्कळशी लोणावळ्याजवळच्या मळवलीत छापलेली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि पुढे तो मळवलीला हलवला. मंदिरातील देवाचे दर्शन ज्यांना दुर्लभ होते, अशांच्या घरीही या छापखान्याने देव पोहोचवला. हिंदू समाजाच्या भावविश्वावर एवढा खोल ठसा उमटवणारा दुसरा कारखाना सांगणे कठीण.

पण व्यवहाराच्या अंगाने काय घडले? छापखाना कर्जात गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो आणि त्यासोबत अनेक चित्रांच्या छपाईचे हक्क फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेले. बाजारात या चित्रांच्या नकला निघत राहिल्या. कोणी पार्श्वभूमी बदलली, कोणी रंग बदलले, कोणी त्यांवर आपल्या मालाची जाहिरात छापली. १९०६ मध्ये रविवर्मा निवर्तले. १९७२ मध्ये मळवलीचा छापखाना आगीत भस्मसात झाला. त्यांच्या चित्रांवरील हक्कांची मुदत केव्हाच संपली आहे आणि आज ती चित्रे कोणालाही छापता येतात.

याच छापखान्याची कामे करण्यासाठी लोणावळ्यात एका मराठी तरुणाने ठसे तयार करण्याचा उद्योग मांडला होता. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे तो उद्योग मुंबईला गेला, भागीदार बदलले, भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके आर्थिक लाभ न घेता बाहेर पडले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. पुढे १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच भारतीय चित्रपटाच्या जनकाचे अखेरचे दिवस १९४४ मध्ये नाशिकला विपन्नावस्थेत गेले, हे मात्र आपण विसरतो. कलावंताला प्रतिभा असते, परिश्रमाची तयारी असते. करारनाम्याचा कागद वाचण्याची सवय मात्र नसते. आपल्या तालुक्याच्या मातीत गाडलेला हा धडा आहे.

आपल्या मनातील एक शंका

आता एका नाजूक मुद्द्याकडे वळतो. आपण ज्या कार्यपद्धतीत वाढलो, ती प्रसिद्धिपराङ्मुखतेची आहे. व्यक्तीऐवजी भगव्या ध्वजाला गुरू मानणारी आपली परंपरा. गीत कोणी लिहिले, चाल कोणी लावली, याची चौकशीही आपण करत नाही. विद्याधन चोराला चोरता येत नाही आणि दिल्याने ते वाढते, हे सुभाषित आपण शाळेत पाठ केले. मग ‘हे माझे’ म्हणून हक्क सांगणे, ज्ञानाला कुंपण घालणे, हा पाश्चात्त्य व्यापारी वृत्तीचा संस्कार नव्हे काय? ही शंका प्रामाणिक आहे. एके काळी मलाही ती होती.

ती कशी फिटली ते सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका विशेषांकाचे काम माझ्याकडे होते. गडकोटांवरील एक लेख सजवण्यासाठी मी कुठल्याशा जुन्या पुस्तिकेतून चार छायाचित्रे उचलली आणि खाली ‘साभार’ असे छापून मोकळा झालो. कोणाचे आभार, हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हते. अंक निघाल्यावर एक वृद्ध गृहस्थ कार्यालयात आले. खांद्यावरची जुनी पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली, त्यातून त्या चारही छायाचित्रांच्या मूळ निगेटिव्ह काढल्या आणि शांतपणे म्हणाले, “पैसे नकोत. पण पुढच्या अंकात या चित्रांखाली माझे नाव घाला. एका चित्रासाठी मी तीन पावसाळे तो गड चढलो आहे.” मी शरमलो. पुढच्या अंकात नाव छापले, क्षमाही मागितली. त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. स्वतःचे नाव स्वतः पुसणे हा त्याग आहे. दुसऱ्याचे नाव पुसणे ही चोरी आहे. पहिली गोष्ट आपल्याला वंदनीय आहे, म्हणून दुसरी क्षम्य ठरत नाही. पतंजलींनी यमांत अस्तेय सांगितले आहे आणि विद्येला त्यातून वगळलेले नाही.

शंकेचे दुसरे उत्तर इतिहास देतो. आचार्य जगदीशचंद्र बसू पेटंट घेण्याच्या विरुद्ध होते. ज्ञान विकू नये, ही त्यांची भूमिका. भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांनी आग्रह धरला, म्हणून त्यांच्या बिनतारी लहरी टिपणाऱ्या उपकरणाला १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. बसूंनी त्यातून पैसा मिळवला नाही. पण आज जग त्यांच्या अग्रत्वाचा पुरावा म्हणून त्या कागदाकडे बोट दाखवते. स्वामी विवेकानंदांच्या मानसकन्येला जे कळले होते, ते आपण कळून घ्यायला हरकत नाही.

आणि तिसरे उत्तर हळदीने दिले. १९९५ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आपल्या आजीने गुडघ्याला लावलेली हळद कायद्याच्या भाषेत नवा शोध ठरली! गोव्याच्या माशेल गावचे सुपुत्र आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने आव्हान दिले. मोर्चे काढले नाहीत, पुतळे जाळले नाहीत. बत्तीस संदर्भ सादर केले. त्यांत जुने संस्कृत वचन होते, तसाच भारतीय वैद्यक नियतकालिकातील १९५३ चा लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. कडुनिंबाच्या बाबतीत युरोपात असाच लढा झाला आणि २००५ मध्ये त्याचा अंतिम निकाल लागला. यातूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहिले. लोकमुखातील ज्ञान परदेशी पेटंट अधिकाऱ्याच्या कानी पडत नाही. ते लिहिलेले, दिनांकित आणि त्याला वाचता येईल अशा भाषेत असावे लागते.

लोणावळ्याच्या कैवल्यधामाकडे या दृष्टीने पाहा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योग प्रयोगशाळेत तपासायचा आणि तपासलेले छापायचे, ही ती दृष्टी. पुढे अमेरिकेत एका योगशिक्षकाने सव्वीस आसनांच्या क्रमावर स्वामित्वहक्क सांगितला. २०१५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने तो फेटाळला. आसनांचा क्रम ही पद्धती आहे, ती कोणाच्या मालकीची होत नाही, हे तत्त्व त्यामागे आहे. पुस्तक लेखकाचे असते, त्यात सांगितलेला विचार वा पद्धती सर्वांची असते. हा भेद पक्का लक्षात ठेवा.

नाव हीच पुंजी

आता आपल्या घरच्या व्यवहाराकडे येऊ. भाषणापूर्वी चहा घेताना बचत गटाच्या एका भगिनीने मला विचारले, “आमचे पापड आणि मसाले पाच वर्षे चालले आहेत. आता बाजारात आमच्यासारखीच पिशवी, आमच्यासारखेच नाव, फक्त एक अक्षर वेगळे. गिऱ्हाईक फसते. आम्ही काय करायचे?”

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर व्यापारचिन्हाच्या, म्हणजे ट्रेडमार्कच्या कायद्यात आहे. आपला कायदा १९९९ चा, अंमलात आला सप्टेंबर २००३ मध्ये. नोंदणीसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. व्यक्ती आणि लघुउद्योग यांना एका वर्गासाठी शासकीय शुल्क साडेचार हजार रुपये आहे. मोठ्या कंपनीला नऊ हजार. मुंबईत अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवन आहे, तेथे ही नोंदणी होते. अर्ज तपासून जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, चार महिन्यांत कोणाचा विरोध आला नाही तर नोंदणी होते, ती दहा वर्षे टिकते आणि पुन्हा पुन्हा नूतनीकरण करता येते. अर्ज केल्या दिवसापासून नावापुढे ‘टी.एम.’ लिहिता येते. वर्तुळातील ‘आर’ हे चिन्ह मात्र नोंदणीनंतरच. आधी लावले तर दंड होऊ शकतो.

नोंदणी नसेल तर सारे संपले असे नाही. आधीपासून वापरणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. पण ‘आम्ही आधीपासून’ हे सिद्ध करावे लागते. पहिली बिले, पिशव्या छापल्याची पावती, वर्तमानपत्रातील जाहिरात, प्रदर्शनातील गाळ्याचे छायाचित्र हे सारे एका धारिकेत जपा. संताजी महाराजांची वही आठवा.

नाव कसे निवडावे? आपण सारे लोणावळ्याहून येताना चिक्की आणतो. ‘चिक्की’ हा शब्द कोणाच्याही मालकीचा नाही, तो पदार्थाचा आहे. ‘शुद्ध’, ‘गावरान’, ‘घरगुती’, ‘उत्तम’ हे शब्दही सर्वांचे. अशा नावांची नोंदणी होणे अवघड आणि रक्षण करणे त्याहून अवघड. आडनाव किंवा गावाचे नाव ठेवले की त्याच आडनावाचा दुसरा उभा राहतो. नाव असे असावे, की ते पदार्थाचे वर्णन करत नाही, पण मनात ठसते.

देवांची नावे ठेवण्याची आपल्याला आवड. ती श्रद्धा आहे. पण न्यायालय काय म्हणाले, ते ऐका. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ हे व्यापारचिन्ह मागणाऱ्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये फेटाळला. पवित्र ग्रंथाच्या नावावर कोणी एकटा मक्ता सांगू शकत नाही, असा तो निर्णय. तुम्हा-आम्हाला यात समाधानच वाटायला हवे. रामायण कोणा एकाचे होऊ शकत नाही, कारण ते सर्वांचे आहे. म्हणून दुकानावर देवाचे नाव अवश्य ठेवा. मात्र त्याला स्वतःचे वेगळे असे काही जोडा, तरच ते तुमची ओळख बनेल.

आणखी एक कटू गोष्ट. मराठी उद्योगातील नावांची भांडणे परक्यांशी कमी आणि भावाभावांत जास्त. वडिलांनी घाम गाळून नाव कमावलेले असते, वाटणीत जमिनीचे गुंठे मोजले जातात, नावाचा कोणी विचार करत नाही. मग एकाच नावाच्या दोन पाट्या समोरासमोर लागतात आणि दोघेही कोर्टात झिजतात. वाटणीपत्रात आणि भागीदारीपत्रात ‘नाव कोणाकडे’ हे एक वाक्य लिहा. ते वाक्य पुढच्या वीस वर्षांचा कलह वाचवील.

गावाची मालकी: भौगोलिक मानांकन

काही नावे एका माणसाची नसतात, साऱ्या प्रदेशाची असतात. सोलापूरची चादर, पैठणी, पुणेरी पगडी, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. अशा नावांना भौगोलिक मानांकन मिळते. पुणेरी पगडीला ते २००९ मध्ये मिळाले.

कोल्हापुरी चपलेला मानांकन मिळाले २०१९ मध्ये. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात हुबेहूब तशाच चपला मांडल्या आणि आरंभी कोल्हापूरचे नावही घेतले नाही. समाजात संताप उसळला, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिले, कंपनीला मूळ भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करावे लागले आणि पुढे दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिने करारही केला. हे यश आहेच. पण त्यातील धडा अपुरा घेऊ नका. मानांकन नावाचे रक्षण करते, आकाराचे नव्हे. ‘कोल्हापुरी’ हे नाव न वापरता कोणी तशी चप्पल केली, तर मानांकनाचा कायदा फारसा कामी येत नाही. मुंबई उच्च न्यायालयात या प्रकरणी जनहित याचिका आली, तेव्हा न्यायालयाने ती फेटाळली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक स्वतः का आले नाहीत, हा त्यामागचा प्रश्न होता. घर ज्याचे आहे त्यानेच दार लावायचे असते.

मानांकन संस्थेला मिळाले म्हणजे प्रत्येक कारागिराला आपोआप लाभ होत नाही. त्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती केली नाही तर मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवर राहते आणि बाजारात नकली माल विकला जातो.

मूर्तिकार आणि हस्तकलाकार बांधवांना एक सूचना. तुम्ही स्वतः घडवलेली नवी मूर्ती ही कलाकृती आहे. पण तिचा साचा करून यांत्रिक पद्धतीने पन्नासहून अधिक प्रती काढल्या आणि आकाराची नोंदणी डिझाइन कायद्याखाली केली नसेल, तर स्वामित्वहक्क हातचा जाण्याची शक्यता असते. म्हणून नवा नमुना बाजारात आणण्यापूर्वीच नोंदणीचा विचार करा.

लेखणी, कॅमेरा आणि गळा

लेखक, कवी, गायक, छायाचित्रकार यांच्यासाठी १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा आहे. कलाकृती निर्माण होताच हक्क जन्माला येतो. नोंदणी सक्तीची नाही, केली तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षे राहतो. तळेगावात राहून ज्यांनी दुर्गभ्रमणाला शब्द दिले, ते गोनीदा १९९८ मध्ये गेले. त्यांच्या लेखनावरील हक्क २०५८ च्या अखेरीपर्यंत आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी २६ फेब्रुवारी १९६६ रोजी आत्मार्पण केले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्काचा अखेरचा दिवस ३१ डिसेंबर २०२६. त्यानंतर ते साहित्य कोणीही छापू शकेल. आपल्या दृष्टीने ही आनंदाची, तशीच जबाबदारीची गोष्ट आहे. कारण मुक्त झालेल्या शब्दाची मोडतोड करणारे सालोमालोही येतील. शुद्ध, प्रमाणित आवृत्ती सिद्ध ठेवणे हे काम आपले.

विवाहाची छायाचित्रे काढणाऱ्या तरुणांना सांगतो. मोबदला देऊन काम करवून घेणाऱ्याकडे त्या छायाचित्रांचा पहिला हक्क जातो, असे कायदा मानतो. वेगळा करार नसेल तर. तेव्हा आपल्या जाहिरातीत ती छायाचित्रे वापरायची असतील, तर तशी लेखी संमती आधीच घ्या. लेखकांनो, प्रकाशकाला हक्क देताना करार लेखी आणि सहीचा हवा. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. नियतकालिकातील नोकरीत लिहिलेल्या लेखाचा हक्क मालकाकडे जातो तो नियतकालिकातील प्रसिद्धीपुरता. वेगळा करार नसेल तर पुस्तक करण्याचा हक्क लेखकाचा राहतो. ‘सर्व हक्क कायमचे’ असे छापील वाक्य दिसले की थांबा आणि विचारा.

हक्क विकला तरी नाव विकले जात नाही. अमरनाथ सेहगल यांचे भव्य भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होते. ते उखडले गेले, तुटले. शिल्प सरकारच्या मालकीचे होते. तरीही दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अवशेष शिल्पकाराला परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. निर्मात्याचा मान अबाधित राहतो, हे तत्त्व त्याने अधोरेखित केले.

आता आपल्याच अंगणाची झाडलोट. पुस्तकांच्या पीडीएफ आपण भ्रमणध्वनीवरील गटांत किती सहज पाठवतो! ‘राष्ट्रीय विचारांचा प्रसार’ अशी मनाची समजूत घालतो. पण राष्ट्रीय विचाराचे प्रकाशक काही धनाढ्य नाहीत. हजार-दोन हजार प्रतींवर ते तगून असतात. आपण फुकट वाटलेली प्रत ही आपल्याच प्रकाशकाची न विकलेली प्रत असते. कार्यक्रमात पद्य म्हणताना गीतकार ज्ञात असेल तर नाव घ्यावे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत आणि विवाहाच्या वरातीत गीत वाजवण्याला कायद्याने सूट दिली आहे. मात्र तिकीट लावून केलेल्या कार्यक्रमाला ती लागू नाही, हे मंडळांनी लक्षात ठेवावे.

शेतातील संपदा

मावळचा शेतकरी इंद्रायणी तांदूळ पिकवतो. हे वाण आपल्याच वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर आणि आय.आर.-८ यांच्या संकरातून विकसित केले आणि १९८७ मध्ये प्रसृत केले. शासकीय केंद्राचे वाण, म्हणून घरोघरी पसरले. त्याच मावळात हरितगृहांमधील गुलाब बघा. त्यांची अनेक वाणे परदेशी पैदासकारांची. रोपाच्या किमतीत त्यांचे स्वामित्वशुल्क दडलेले असते. एकीकडे आपल्या शास्त्रज्ञांनी दिलेले बियाणे, दुसरीकडे दर रोपामागे परदेशी जाणारा पैसा. स्वदेशीचा खरा अर्थ या दोन शेतांमधील अंतरात आहे.

आपल्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे त्याच्या नाममुद्रेखाली विकता येत नाही. शिवाय स्वतः जपलेले वाण शेतकरी आपल्या नावे नोंदवू शकतो. घरात पिढ्यान्‌पिढ्या राखलेले एखादे भात असेल, तर त्याची माहिती लिहून काढा.

शेतासाठी वा कारखान्यासाठी एखादे नवे अवजार बनवणाऱ्या तरुणाला एकच वाक्य सांगतो. आधी अर्ज, मग प्रदर्शन. भ्रमणध्वनीवर चित्रफीत टाकून कौतुक मिळवले, की तुमचा शोध नवा उरत नाही आणि पेटंट दुरावते. प्राथमिक अर्ज व्यक्तीला सोळाशे रुपयांत ऑनलाइन करता येतो. त्यानंतर संपूर्ण तपशील देण्यासाठी बारा महिने मिळतात.

समारोप

मित्रांनो, येथून जवळच तळेगावात १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर फिरून पैसा पैसा जमवला, लोकमान्यांनी पाठबळ दिले. आपल्या पूर्वजांनी या परिसरात स्वदेशी अशी उभी केली. त्यांच्यापाशी भांडवल नव्हते, कायदाही आपला नव्हता. आज कायदा आपला आहे, शुल्क आवाक्यात आहे, अर्ज घरबसल्या होतो. उणीव आहे ती सवयीची.

म्हणून घरी गेल्यावर एक वही घाला. पहिल्या पानावर लिहा, माझे स्वतःचे असे काय आहे? नाव, चव, चाल, चित्र, बियाणे, साचा, जे असेल ते. दुसऱ्या पानावर लिहा, ते मी केव्हापासून करतो आणि त्याचा पुरावा काय? तिसऱ्या पानावर लिहा, मी दुसऱ्याचे काय वापरतो आणि त्याचे नाव घेतो का? पहिली दोन पाने तुमच्या संसाराचे रक्षण करतील. तिसरे पान धर्माचे रक्षण करील.

ताई, तुम्ही मात्र उद्यापर्यंतही थांबू नका. पाच वर्षांपूर्वीची पहिली पिशवी घरात कुठेतरी असेल. आज रात्रीच ती शोधून ठेवा.